व्हिएन्नातल्या कॉन्फरन्सला पुण्याहून जाताना : व्हिसा, पैसे, प्रवास आणि तिथला आठवडा

पाषाण_सर्कल
नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये व्हिएन्नाला ईजीयूची, म्हणजे युरोपियन जिओसायन्सेस युनियनची वार्षिक सभा आहे. आमच्या गटातल्या तिघींचे पोस्टर (सभेत लावायचे संशोधनाचे तक्ते) स्वीकारले गेलेत. एक पीएचडी करणारी, एक पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारी) आणि एक प्राध्यापिका. प्राध्यापिकाबाईंचे यजमानही सोबत येणार आहेत. चौघांचाही हा पहिलाच शेंगेन व्हिसा, म्हणजे एकमेकांत सीमा तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा सामायिक व्हिसा. हातात साधारण साडेतीन महिने आहेत. कागदपत्रं, तिकीट, पैसे, तिथलं राहणं-खाणं याबद्दल जाणकारांनी नेमकं सांगावं. पुण्यातून अनेक संस्थांमधली मंडळी दरवर्षी जातात, तेव्हा धागा सगळ्यांच्याच कामाला येईल.

औंधकर
साडेतीन महिने पुरेसे आहेत, पण अपॉइंटमेंट आजच बघायला घ्या. नियमाप्रमाणे अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. निर्णयाला १५ दिवस धरतात, पण शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत लांबवू शकतात. म्हणून प्रवासाच्या तारखेपासून उलटं मोजा. ४५ दिवस निर्णयाचे, त्यात पासपोर्ट येण्याजाण्याचा आठवडा, आणि व्हीएफएसची (दूतावासांसाठी व्हिसाचे अर्ज गोळा करणारी कंपनी) तारीख मिळायला जो वेळ लागेल तो. जानेवारीनंतर उन्हाळी सहलींची गर्दी सुरू होते, तेव्हा तारीख मिळणं हाच खरा अडसर असतो. ऑस्ट्रियाचे अर्ज व्हीएफएस घेतं आणि निर्णय दिल्लीच्या दूतावासात होतो. व्हीएफएसच्या साइटवर ऑस्ट्रिया निवडून केंद्रांची यादी उघडा. पुण्याची तारीख लांबची असेल तर मुंबईची घ्या, त्यात कमीपणा नाही. पहिला अर्ज असल्यामुळे बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाने स्वतः जायचंय. हे ठसे ५९ महिने चालतात, पुढच्या वेळी सोपं जातं.

पासपोर्ट आधी उघडून बघा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. यातलं एक जरी बसत नसेल तर व्हिसाचं सगळं बाजूला ठेवून नूतनीकरण उरका. साध्या ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, तत्काळला वर २००० रुपये. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी पत्ता कुठला द्यायचा हे नीट ठरवा. पोलीस पडताळणीला तुम्ही त्या पत्त्यावर सापडला नाहीत की प्रकरण तिथेच अडकतं.

आता कागद. सही केलेला अर्ज, ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो (स्टुडिओत ‘शेंगेन साइज’ म्हटलं की कळतं), कव्हरिंग लेटर, पोस्टर स्वीकारल्याचं पत्र, नोंदणीची पावती, आयोजकांचं निमंत्रणपत्र, संस्थेचं ना-हरकत आणि रजा मंजुरीचं पत्र, खर्च कोण करणार याचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांचं बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, आयटीआर (आयकर विवरणपत्र) भरत असाल तर तो, विमानाचं आरक्षण, हॉटेलचं आरक्षण आणि प्रवास विमा.

हे गोळा करणं फार अवघड नाही. अर्ज फसतात ते कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. अर्जात प्रवास अमुक ते अमुक, संस्थेची रजा एक दिवस कमी, हॉटेल फक्त कॉन्फरन्सच्या दिवसांपुरतं, विमा विमान सुटण्याच्या दुसऱ्या दिवसापासून. फाइल बघणारा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही, त्याच्यासमोर फक्त तारखा असतात. एका कोऱ्या कागदावर घर सोडण्याची तारीख, शेंगेनमध्ये उतरण्याची, तिथून निघण्याची आणि घरी पोचण्याची तारीख लिहा आणि प्रत्येक कागद त्याच्याशी ताडून बघा. रात्रीच्या मुक्कामाची एकही तारीख रिकामी राहू देऊ नका.

मुळाकाठ
औंधकरांशी पूर्ण सहमत. खर्चाच्या पत्राबद्दल थोडं अधिक. ‘संस्था सर्व खर्च करेल’ एवढं मोघम वाक्य नको. विमानभाडं कोणाकडून, नोंदणी कोणाकडून, राहणं आणि दैनिक भत्ता कोणाकडून, हे वेगवेगळं लिहून घ्या. अर्धा खर्च ट्रॅव्हल ग्रँटमधून आणि अर्धा स्वतःचा असेल तर तसंच लिहा, त्यात काही वावगं नाही. मात्र मग स्टेटमेंटमध्ये त्या अर्ध्या खर्चाचे पैसे दिसायला हवेत. अर्जाच्या आदल्या आठवड्यात वडिलांकडून एकरकमी दोन लाख आले तर ते उसने दाखवल्यासारखे वाटतात. वडीलच खर्च करणार असतील तर सरळ त्यांचं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट जोडा. फेलोशिप उशिरा जमा होते हे संशोधक विद्यार्थ्यांच्या बाबतीत नेहमीचंच. अशा वेळी फेलोशिप मंजुरीचं पत्र जोडलं की खात्यातला खड्डा समजतो.

नवी_पेठ
नावाचा मुद्दा अजून कोणी काढला नाही. आपल्याकडे पासपोर्टात ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. तिकीट काढताना नाव पासपोर्टात जसं छापलंय तसंच, दोन्ही नावांसह टाका.

लग्नानंतर पासपोर्टावर आडनाव बदललंय, पण शोधनिबंध माहेरच्या नावाने छापले जातात, असं असेल तर आयोजकांचं पत्र एका नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाने होतो. यावर उपाय दोन. निमंत्रणपत्र मागताना आयोजकांच्या फॉर्ममध्ये पासपोर्टावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक द्या, आणि पोस्टरचं शीर्षक त्या पत्रात येईल असं बघा. शिवाय कव्हरिंग लेटरमध्ये एक ओळ लिहून विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडा. आडनावाचा रकानाच कोरा असलेला पासपोर्ट असेल तर तो आधी दुरुस्त करून घेणं चांगलं. काही देश तसा पासपोर्ट भेटीच्या व्हिसासाठी घेतच नाहीत.

पाषाण_सर्कल
अतिशय उपयोगी. नावाचा प्रश्न आमच्या पोस्टडॉकला तंतोतंत लागू आहे, आजच आयोजकांना लिहायला सांगते. दोन शंका. व्हिसाची फी संशोधकांना माफ असते असं ऐकलं, ते खरं का? आणि परिषदेनंतर दोन दिवस ब्रातिस्लावा किंवा बुडापेस्टला जायचं मनात आहे, तर मल्टिपल एंट्री मागावी लागेल का?

औंधकर
हो, खरं आहे. जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो आहे. पण शेंगेनच्या व्हिसा नियमावलीत वैज्ञानिक संशोधनासाठी किंवा वैज्ञानिक परिषदेसाठी जाणाऱ्या संशोधकांना ती माफ आहे. अभ्यासासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्यासोबतच्या शिक्षकांनाही. व्हीएफएसचं सेवाशुल्क मात्र भरावंच लागतं. ही माफी आपोआप मिळत नाही, काउंटरवर मागावी लागते. संस्थेच्या पत्रात ‘आमच्या संस्थेत संशोधक म्हणून कार्यरत’ आणि ‘वैज्ञानिक परिषदेत शोधकार्य सादर करण्यासाठी’ हे दोन्ही स्पष्ट हवं. पत्रात नुसतं ‘परदेश दौरा’ लिहिलं असेल तर काउंटरवरचा माणूस पूर्ण फी लावतो आणि त्याचा दोष म्हणता येत नाही. प्राध्यापिकाबाईंच्या यजमानांना ही माफी नाही.

ब्रातिस्लावा आणि बुडापेस्ट दोन्ही शेंगेनमध्येच आहेत, तेव्हा सिंगल एंट्री पुरते. प्रागही चालेल. शेंगेनबाहेर जाऊन परत यायचं असेल, म्हणजे मध्येच सर्बिया किंवा लंडन, तरच मल्टिपल लागते. अर्ज मात्र जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. तुमचे पाच-सहा दिवस ऑस्ट्रियात, दोन हंगेरीत, म्हणजे ऑस्ट्रियाच. बाहेरचे दोन दिवस लपवू नका, त्या रात्रींचं हॉटेलही दाखवा.

व्हिसा हातात आला की स्टिकर तिथल्या तिथे वाचा. ‘पासून-पर्यंत’च्या तारखा वेगळ्या आणि ‘मुक्कामाचे दिवस’ वेगळे. तारखांमध्ये २५ दिवसांचं अंतर असलं आणि मुक्कामाचे दिवस १० लिहिले असतील तर दहाच दिवस राहता येतं. उतरण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही मोजतात.

पर्वतीपायथा
विम्याबद्दल : किमान ३०,००० युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत लागू, तातडीचे उपचार, रुग्णालय आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून. आपल्याकडच्या पॉलिसी डॉलरमध्ये असतात, ५०,००० डॉलरची घेतली की अट पूर्ण होते. सुरुवात घरातून निघण्याच्या तारखेपासून ठेवा आणि शेवटी दोन-तीन दिवस जास्त घ्या, विमान रद्द झालं तर उपयोगी पडतात. मधुमेह, रक्तदाब असेल तर तो लिहा. न लिहिलेल्या जुन्या आजाराचा दावा नाकारला जातो.

लोहगाव_रनवे
तिकिटांकडे वळू. पुण्याहून थेट युरोप नाही, म्हणजे मुंबई किंवा दिल्लीहून निघायचं. व्हिएन्नाला मुंबईहून दोन प्रकारे जाता येतं. एक, दुबई किंवा दोहामार्गे. दुसरा, फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे. फरक लक्षात घ्या. आखाती मार्गाने गेलात तर शेंगेनची इमिग्रेशन व्हिएन्नात होते, तिथे घाई नसते. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होते आणि पुढचं विमान देशांतर्गत असल्यासारखं. त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर ईईएस ही येण्या-जाण्याची नवी डिजिटल नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झालीय. पहिल्यांदा जाणाऱ्याचा चेहरा टिपतात, बोटांचे ठसे व्हिसाच्या नोंदीशी ताडतात. रांग लांबते. तिकिटावर फ्रँकफर्टला सव्वा तासाची जोडणी कायदेशीर दिसली तरी घेऊ नका, अडीच तास ठेवा.

पुण्याहून दुबईचं स्वस्त तिकीट आणि दुबईहून पुढचं वेगळं तिकीट, असा बेत अनेक जण करतात. दोन वेगळे पीएनआर (तिकिटाचे आरक्षण क्रमांक) असले की बहुधा सामान पुढे चेक-इन होत नाही. ते घ्यायला दुबईत इमिग्रेशन ओलांडावी लागते, आणि त्यासाठी यूएईचा व्हिसा लागतो. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर तुमची काहीच जबाबदारी नसते. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर काढा.

केंद्र सरकारच्या निधीतून जाणाऱ्यांनी तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तीन ठिकाणांहूनच काढावं लागतं, आणि प्रवासाच्या २१ दिवस आधी काढणं अपेक्षित असतं. व्हिसाआधी पक्कं तिकीट घेऊ नका, आरक्षण पुरतं. पण व्हिसा आला की त्याच दिवशी काढा. तुमच्या लेखा विभागाला वेगळी परवानगी लागते का ते आधी विचारा.

कात्रज_बोगदा
मुंबई विमानतळापर्यंतचं मी लिहितो, कारण खरी धावपळ इथेच होते.

तिकिटावरचा विमानतळाचा कोड बघा. ‘बीओएम’ म्हणजे अंधेरी-सहारचं जुनं विमानतळ, ‘एनएमआय’ म्हणजे नवी मुंबई. नवी मुंबईहून डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागलीत, त्यामुळे हा घोळ आता शक्य आहे. सहारला टर्मिनल २.

तारीख : युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख, पहाटे २ वाजता असेल तर पुण्यातून ११ च्या संध्याकाळीच निघायचंय. रजेच्या अर्जात, विम्यात, गाडीच्या बुकिंगमध्ये ही एका दिवसाची चूक फार सहज होते.

अंतर साधारण १५० किलोमीटर. मोकळा रस्ता असेल तर साडेतीन तास, पण त्यावर हिशेब मांडू नका. रविवारी संध्याकाळी लोणावळा-खंडाळ्याहून परतणाऱ्यांची मुंबईकडे गर्दी असते, घाटात गाड्या खोळंबतात, मग कळंबोलीपासून पुढे शहराची वाहतूक. विमानाच्या तीन तास आधी पोचायचं, त्याआधी रस्त्याचे पाच तास, म्हणजे पहाटे २ च्या विमानाला संध्याकाळी ६ ला निघा. पावसाळ्यात दरड कोसळली तर घाट तासन्‌तास बंद असतो. जून ते सप्टेंबरच्या परिषदांना जाणाऱ्यांनी दुपारीच निघावं. घरून नेणाऱ्या शेअर गाड्यांमध्ये इतर प्रवाशांना घेत घेत तास जातो, हेही धरा. पुणे-मुंबई विमान त्याच पीएनआरवर मिळत असेल तर सामान लोहगावलाच द्यायचं आणि व्हिएन्नात घ्यायचं. वेळ जुळत असेल तर सर्वांत निवांत.

पाषाण_सर्कल
रविवारी उतरायचं ठरत होतं, म्हणजे शनिवारी रात्री निघू. आता पैशांचं सांगा. किती रोख, कुठलं कार्ड?

लक्ष्मी_रस्ता
दोन-तीन मार्गांनी पैसे न्या, सगळे एका खिशात नकोत.

रोख परकीय चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या मोलापर्यंतच नेता येतं, बाकी कार्डावर. तुम्हाला एवढं लागणारच नाही. व्हिएन्नात आठवड्याला माणशी अडीचशे-तीनशे युरो रोख पुरे, त्यातही ५, १० आणि २० च्या नोटा मागा. २०० ची नोट बेकरीत घेत नाहीत. चलन परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा बँकेतून, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन दाखवून घ्या. ५०,००० रुपयांच्या वरचे पैसे रोखीने देता येत नाहीत, बँकेतून द्यावे लागतात. एकूण परदेशी खर्च आर्थिक वर्षात १० लाखांच्या आत असेल तर त्यावर टीसीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) लागत नाही.

फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) घ्याल तर ते युरोचंच. डॉलर भरलेलं कार्ड व्हिएन्नात वापरलं की डॉलरचे युरो होताना वेगळा आकार पडतो. पण हॉटेलच्या डिपॉझिटला फॉरेक्स कार्ड देऊ नका. ते रक्कम अडवून ठेवतात, ती सुटायला कित्येक दिवस लागतात, आणि तेवढे पैसे परिषदभर हाताशी नसतात. तिथे क्रेडिट कार्ड द्या. भारतीय क्रेडिट कार्डावर परकीय चलनाला साधारण साडेतीन टक्के आणि वर जीएसटी लागतो, काही कार्डांवर कमी. तेव्हा रोजच्या खर्चाला फॉरेक्स, डिपॉझिटला क्रेडिट.

दुकानातलं मशीन ‘रुपयांत भरायचं की युरोत’ असं विचारेल. दर वेळी युरो. रुपये निवडले की विनिमयाचा दर ते मशीनवालं लावतं आणि तो महाग असतो. एटीएमवरही तेच, ‘विदाउट कन्व्हर्जन’ निवडा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डाचा परदेशी वापर मुळात बंद असतो. ॲपमध्ये जाऊन परदेशातलं ऑनलाइन, दुकान आणि एटीएम हे तिन्ही सुरू करा, मर्यादा बेताची ठेवा. परिषदेची नोंदणी फी भरताना व्यवहार नाकारला जातो त्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. भारतीय सिम काढून टाकू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. त्यावर रोमिंग सुरू ठेवा पण डेटा बंद करा, आणि डेटासाठी युरोपचं ई-सिम इथूनच घालून जा. उरलेले युरो दोन हजार डॉलरच्या मोलापर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत परत करायचे.

वेधशाळा
पोस्टर : ए-झिरो म्हणजे ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटर. पण ईजीयूचे बोर्ड आडवे असतात, तेव्हा रचना आडवीच करा आणि नेमकं माप आयोजकांच्या सूचनेतून घ्या. उभं पोस्टर आडव्या बोर्डावर लावलं तर खालचा भाग बाहेर लोंबतो. पुण्यात आता कापडावर छापून देणारे मिळतात. कापडी पोस्टर घडी घालून केबिन बॅगेत बसतं. कागदी पोस्टरची नळी केबिनमध्ये घ्यायची की नाही हे गेटवरच्या माणसावर अवलंबून असतं आणि चेक-इनला दिली तर वेगळ्या पट्ट्यावर येते. कापडाला सुरकुत्या पडतात, घडी न घालता गुंडाळलं तर कमी. पीडीएफ मोबाइलमध्ये आणि मेलमध्ये दोन्हीकडे ठेवा.

पॉवर बँक फक्त केबिनमध्ये, १०० वॉट-अवरपर्यंत. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टला ७४ वॉट-अवर होते, म्हणजे चालते. ऑस्ट्रियात दोन गोल पिनांचे सॉकेट, आपले दोन पिनांचे चार्जर थेट बसतात. लॅपटॉपची तीन जाड पिनांची वायर बसत नाही, तिच्यासाठी ॲडॉप्टर घ्या.

चवीने_खाणार
खाण्याच्या वस्तूंबद्दल नीट वाचा.

युरोपियन संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पनीर, चीज घरी. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, खजूर, अननस आणि दुरियन एवढीच सूट आहे. एप्रिलमध्ये तिथल्या सहकाऱ्यांना हापूस द्यावा असं वाटणं अगदी स्वाभाविक, पण नेऊ नका, जप्त होतो. कढीपत्त्याचीही तीच गत. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, तिळाची वडी, थालीपिठाची भाजणी, पोह्यांचं पाकीट हे नेता येतं. सुकं खोबरं विमानाच्या सामानात मना आहे, म्हणून चटणी नेणार असाल तर खोबऱ्याचे तुकडे वेगळे नकोत. लोणचं केबिन बॅगेत नको.

दुबई किंवा दोहामार्गे जाणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं : खसखस. यूएई, कतारमध्ये तो बंदी असलेला अमली पदार्थ मानला जातो, आणि तुम्ही फक्त विमान बदलत असलात तरी सामान तपासलं जाऊ शकतं. आपल्या अनारशांवर खसखस असते, काही घरच्या गोड्या मसाल्यात असते. त्या मार्गाने जाताना या गोष्टी अजिबात नेऊ नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल यांचंही तसंच. बाकी औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, केबिन बॅगेत.

शाकाहाऱ्यांसाठी : व्हिएन्नात सूपपासून सावध. फ्रिटाटेनसुप्पे दिसायला डोशाच्या पट्ट्या घातलेलं साधं सूप, पण रस्सा गोमांसाचा असतो. ‘ओने फ्लाइश’ (मांसाशिवाय) म्हटलं की वरचं मांस काढतात, रस्सा तोच राहतो. ‘व्हेगेटारिश?’ असं विचारून सूपचा रस्सा कसला ते वेगळं विचारा. फलाफल, पिझ्झा आणि सुपरमार्केटमधली तयार सॅलड यांवर आठवडा निघतो. नळाचं पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं आहे, बिनधास्त प्या आणि बाटली सोबत ठेवा.

वेधशाळा
अनारशांचं चांगलं आठवण करून दिलंत. हे वर धाग्याच्या सुरुवातीला जोडायला हवं.

मुळाकाठ
आता तिथे पोचल्यावर. परिषद ऑस्ट्रिया सेंटर व्हिएन्नात, स्टेशन ‘कायझरम्युलेन-व्हीआयसी’, मेट्रोची यू-वन ही लाल लाइन. हॉटेल शोधताना शहराच्या मध्यभागाचा हट्ट नको, यू-वनचं कुठलंही स्टेशन चालतं. हाउप्टबानहोफ (मुख्य रेल्वे स्टेशन), केप्लरप्लाट्झ, रॉयमानप्लाट्झ या बाजूला मध्यभागापेक्षा स्वस्त मिळतं आणि गाडी बदलावी लागत नाही. एकाच आठवड्यात हजारो लोक येतात, म्हणून रद्द करता येईल असं आरक्षण आत्ताच करून ठेवा. व्हिसासाठीही तेच वापरता येतं.

विमानतळावरून ओबीबीची (ऑस्ट्रियाची रेल्वे) रेलजेट गाडी हाउप्टबानहोफला पाव तासात पोचवते, तिथून खाली यू-वन. ‘कॅट’ ही हिरवी गाडी न थांबता व्हीन मिटेला १६ मिनिटांत जाते, पण महाग आहे आणि तुमच्या कामाची नाही. विमानतळ शहराच्या तिकीट-क्षेत्राबाहेर आहे. शहराचा पास असला तरी विमानतळ ते शहराची हद्द एवढ्याचं वेगळं तिकीट लागतं, हे न घेतल्यामुळे बरेच जण पकडले जातात. मेट्रोला फाटक नाही, म्हणून तिकीट नाही असं समजू नका. साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि दंड भरपूर असतो. कागदी तिकीट घेतलं तर निळ्या पेटीत घालून शिक्का मारायचा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाहीच.

रविवारी उतरताय म्हणून खास : रविवारी तिथली दुकानं बंद असतात. विमानतळावरचं सुपरमार्केट आणि मोठ्या स्टेशनांमधली तेवढी उघडी. सोमवारच्या न्याहारीपुरतं दूध, ब्रेड, फळं विमानतळावरच घ्या. एप्रिलमध्ये सकाळी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं, दुपारी पंधराच्या पुढे. जाड कोटापेक्षा स्वेटर आणि वाऱ्याचं जाकीट बरं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं.

कोणाच्या घरी राहणार असाल तर तीन दिवसांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. हॉटेलात ते हॉटेलवालेच करतात. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १४४.

पाषाण_सर्कल
एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. शेवटचे दोन प्रश्न. यजमानांच्या अर्जाला काय वेगळं? आणि परत आल्यावर बिलं सादर करताना काय काय लागेल?

औंधकर
यजमानांचा अर्ज पर्यटनाचा. विवाह प्रमाणपत्र, स्वतःच्या नोकरीचं रजापत्र किंवा व्यवसायाचे कागद, स्वतःचं स्टेटमेंट, स्वतःचा विमा. संस्थेच्या पत्रात त्यांचं नाव घालू नका, संस्था त्यांचा खर्च करत नाही. हॉटेल एकच असेल तर आरक्षणावर दोघांची नावं हवीत. एकाच नावाचं आरक्षण जोडलं तर त्यांच्या फाइलमध्ये मुक्कामाचा पुरावाच राहत नाही. अपॉइंटमेंट दोघांनी एकाच वेळेची घ्या.

लक्ष्मी_रस्ता
बिलांचं : बोर्डिंग पास सगळे, जाण्याचे आणि येण्याचे, कागदी मागून घ्या आणि त्यांचे फोटो काढून ठेवा, छपाई फिकी पडते. पूर्वी पासपोर्टावरचे शेंगेनचे शिक्के प्रवासाचा पुरावा म्हणून चालायचे. ईईएसमुळे ते शिक्के बंद होत आहेत, म्हणून लेखा विभागाने शिक्क्याची प्रत मागितली तर द्यायला बोर्डिंग पासच राहतो. इथल्या इमिग्रेशनचा शिक्का असेल तर त्याची प्रत जोडा.

नोंदणीची पावती संस्थेच्या नावाने आणि कर वेगळा दाखवलेली मागा. ती परिषदेच्या आधी बदलून मिळते, नंतर पाठपुरावा करत बसावं लागतं. हॉटेलचं बिल निघताना काउंटरवरून, बुकिंग साइटचा मेल बऱ्याच ठिकाणी मान्य होत नाही. सामायिक खोली असेल तर दोन वेगळी बिलं मागा, आणि यजमान सोबत असतील तर एका व्यक्तीचा दर लिहून घ्या. विनिमय दरासाठी चलन घेतल्याची पावती आणि कार्डाचं स्टेटमेंट दोन्ही ठेवा. मेट्रोचा पास, विमानतळाची गाडी, विम्याची पावती, व्हीएफएसचं सेवाशुल्क हेही जोडता येतं, तुमच्या मंजुरीपत्रात ते बाब म्हणून असेल तर. हजेरीचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय सभागृह सोडू नका.

लोहगाव_रनवे
आणि परतीचं विमान मुंबईत मध्यरात्री उतरत असेल तर गाडी आधीच सांगून ठेवा. विमान जमिनीवर टेकल्यापासून सामान घेऊन बाहेर यायला दीड तास धरा, चालकाला तीच वेळ द्या. लोहगावचं पुढचं विमान एकाच पीएनआरवर असलं तरी भारतात उतरल्यावर मुंबईतच सामान घेऊन कस्टम ओलांडावं लागतं आणि पुन्हा द्यावं लागतं, त्यामुळे तिथेही किमान तीन तासांची जोडणी ठेवा.

पाषाण_सर्कल
नोंद केली. व्हीएफएसची तारीख मिळाली की इथेच कळवते, म्हणजे या वर्षी जाणाऱ्या बाकीच्यांनाही किती आधी बघावं लागतं ते समजेल.